लुगड्याच्या गाठीची जागा

मला बिब्बा उततो. लहानपणी टाचेच्या भेगेत आईने बिब्ब्याचं तेल भरलं होतं, तर पाय गुडघ्यापर्यंत सुजला आणि मी कितीतरी दिवस शाळेत गेले नाही. अशा बाईने पुढे बिब्ब्यावरच पीएचडी करावी, यात माझी काही जिद्दबिद्द नाही. विषय मॅडमनी दिला. माझ्या आधीच्या विद्यार्थ्याने तो अर्धवट टाकून नोकरी धरली होती, आणि अर्धवट विषय कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात पडतातच. मी हातमोज्यांवर हातमोजे घालून काम करते, तरी अधूनमधून पापण्या सुजतात. नवरा म्हणतो, लोक दुसऱ्याच्या कामात बिब्बा घालतात, तू स्वतःच्याच घातलास. त्याला वाळूजच्या कंपनीत पाळ्या असतात, त्यामुळे त्याचे विनोद मला आठवड्यातून थोडेच ऐकावे लागतात.

काम सांगायला सोपं आहे. बिब्ब्याच्या फळातून वेगवेगळे अर्क काढायचे आणि ते त्वचेच्या कॅन्सरच्या पेशींवर टाकून बघायचे. पेशी गोठवलेल्या, विकत येतात. कधीकाळी कुणाच्या तरी अंगातून काढलेल्या असतात आणि तेव्हापासून बाटल्यांमधून वाढतच राहिलेल्या असतात. प्लास्टिकची चपटी बाटली आडवी ठेवायची, तिच्या तळाला त्या चिकटून बसतात, वर गुलाबी पाणी. ते पाणी म्हणजे त्यांचं जेवण. दर दोन-तीन दिवसांनी ते बदललं नाही तर मरतात. म्हणून दिवाळी असो की घरातलं लग्न, मी जाऊन कॅन्सरला जेवू घालून येते. आमची पेशींची खोली इमारतीच्या आतल्या अंगाला आहे. तिला खिडकी नाही, दाराच्या आत दुसरं दार आहे, आणि मशीनची घरघर कधी थांबत नाही. तिथून बाहेर आलं की ऊन आहे की संध्याकाळ झाली, हे आधी बघावं लागतं.

बिब्बे मला आत्या पुरवायची. माझ्या वडिलांची थोरली बहीण. पिशोरच्या पुढे डोंगराच्या बाजूला आमची वस्ती आहे, तिथे ती माझ्या चुलतभावाच्या घराला लागून एका खोलीत एकटी राहते. नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली, मूलबाळ नाही, मेंढरं आहेत. मेंढरांमागे रान पालथं घालताना बिब्ब्याचं झाड दिसलं की ती माझी आठवण काढायची आणि ओटी भरून आणायची. पहिल्यांदा तिने ते माझ्या भावाच्या जुन्या पायमोज्यात भरून पाठवले होते. मी फोनवर ओरडले, की हे संशोधनाचं सामान आहे, स्वच्छ पिशवीत घाल. तर म्हणाली, "धुतलेला मोजा हाय. अन् बिब्ब्याला कशाची घान लागती गं? त्यो सोताच सगळ्यांला जाळतो."

कमरेत गाठ घट्ट मारलेलं नऊवारी लुगडं सोडून दुसऱ्या कशात मी तिला कधी पाहिलं नव्हतं. परकर नाही, काही नाही. उजव्या कमरेवर गाठ, आणि ती अशी आवळलेली की बघणाऱ्याला श्वास घ्यावासा वाटावा. लुगडं सैल झालं की चालणं सैल होतं, असं ती म्हणायची. तिच्या वयाच्या आमच्याकडच्या सगळ्याच बायका असं नेसतात, त्यामुळे त्यात बघण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही.

मग कॉलेजात एक प्रदर्शन भरलं. माझ्या पोस्टरला दुसरा नंबर मिळाला आणि एक पत्रकार येऊन चार प्रश्न विचारून गेला. मी त्याला बजावून बजावून सांगितलं होतं की हे संभाव्य आहे, प्लेटमधल्या पेशींवर आहे, माणसावर नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. त्यात पिशोर होतं, बिब्बा होता, कॅन्सर बरा होणं होतं, आणि सुजलेल्या पापण्यांचा माझा फोटोही होता. 'संभाव्य' तेवढं नव्हतं. चुलतभावाने ते कात्रण गावाच्या ग्रुपवर टाकलं आणि माझा फोन वाजायला लागला. कुणाला भावजयीच्या गाठीसाठी औषध हवं होतं. एकाने बैलाच्या शिंगाच्या कॅन्सरसाठी मागितलं. मी प्रत्येकाला सांगत होते, अजून औषध नाही, अहो, अजून काही नाही. ते म्हणायचे, हो हो, पण आपल्या माणसांना तरी द्या.

आत्याने मात्र काहीच मागितलं नाही. तिने फोनवर एवढंच विचारलं, "बिब्ब्यानं मरतंय का ते?"

"प्लेटमध्ये मरतं," मी म्हटलं.

"मरतंय ना? झालं तर मग."

त्या फोननंतर ती बरेच महिने आली नाही. थंडी संपता संपता एक दिवस सकाळच्या एसटीने आली. एसटीच्या पाटीवर आता संभाजीनगर असतं, आत्या अजूनही औरंगाबादला जाते म्हणते. आम्ही हर्सूलकडे दोन खोल्यांत राहतो. गुडघे दाखवायचेत म्हणाली. मला खरं वाटलं. नवरा कामावर गेल्यावर तिने दार लावून घेतलं, कडी घातली, वर दाराला पाठ लावून उभी राहिली.

"हिकडं ये. तुला एक दावायचंय. हासायचं नाय."

तिने लुगड्याची गाठ सोडली. उजव्या कमरेच्या हाडावर, नेमकी गाठीच्या जागी, लिंबाएवढी काळी खपली होती. भोवतीचं कातडं भाजल्यासारखं, आणि खपलीच्या कडा उचललेल्या. मी बोट लावलं. कड दगडासारखी लागली.

आत्या हसत होती. मी तिला इतकं खूश फार कमी वेळा पाहिलं आहे.

तिने सांगितलं ते असं. त्या जागी आधी नुसता पांढरा डाग होता, किती वर्षं ते तिला सांगता येईना. मग खाज. मग जखम, जी भरायची, पुन्हा फुटायची. गाठ घासते म्हणून होतंय हे तिला कळत होतं, पण म्हणून कुणी गाठ सोडून हिंडतं का? हळद लावली, मेडिकलमधली ट्यूब लावली. डॉक्टरला दाखवलं नाही, कारण जागा कमरेची. मग माझी बातमी आली. तिला बातमीतलं सगळं समजलं नाही, पण बिब्बा समजला. तिने सुई तापवून बिब्ब्यात खुपसली आणि निघालेलं तेल जखमेवर लावलं. रोज. कातडं जळायचं, तिला एका कुशीवर झोपावं लागायचं, मेंढरांमागे जाताना ती गाठीखाली चिंधी घालायची.

"पन दम धरला. म्हटलं जळतंय म्हंजी आतलं मरतंय. आन बघ की, भरलं. पानी येनं बंद झालं." मग तिने गाठ पुन्हा मारली, तशीच घट्ट, आणि म्हणाली, "आता लिव तुझ्या पुस्तकात. एका बाईवर करून बघितलं म्हनून. नाव नको घालू, जागा अवघड हाय."

मी मोरीशी जाऊन तोंडावर पाणी मारलं. मला भीती वाटत होती आणि भीतीपेक्षा जास्त राग आला होता. तो कुणाचा हे मला कळेना. पत्रकाराचा, आत्याचा, लुगड्याचा, 'प्लेटमध्ये मरतं' म्हणणाऱ्या माझा. सगळ्यांचाच असावा. तिने मला भेट आणली होती. माझ्या कामाला माणसावरचा पुरावा हवा म्हणून तिने तो स्वतःच्या अंगावर तयार करून आणला होता.

सरकारी दवाखान्यात मी तिला गुडघे दाखवायच्या नावाखाली नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी खपली बघितली, गाठीची जागा बघितली, मांडीच्या सांध्यात हात लावून बघितला आणि म्हणाल्या की वर्षानुवर्षं घट्ट गाठ घासून अशा जागी कॅन्सर होताना दिसतो, तुकडा काढून तपासावा लागेल. मग विचारलं, "यावर काय लावलं होतं?"

"बिब्बा," आत्या म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं. "हिचं औषीद हाय. पेपरात आलंय."

बाईंनी माझ्याकडे वर-खाली बघितलं. शिकलेली माणसं तुम्ही, असं काहीतरी म्हणाल्या. मी त्यांना काय सांगणार होते? की मी असं लावायला सांगितलं नव्हतं, मी फक्त त्याने पेशी मरतात एवढं सिद्ध करत बसले होते?

तुकडा काढायचं नाव काढल्यावर आत्या खुर्चीवरून उठलीच. हत्यार लागलं की ते फैलावतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कुणाकुणाचं कापलं आणि कोण कोण मेलं, याची गावोगावची उदाहरणं तिच्याकडे होती. लोक शेवटी शेवटी दवाखान्यात जातात म्हणून मरतात, असं मी रिक्षात तिला ओरडून सांगितलं. रिक्षावाल्याने आरसा वळवून आमच्याकडे बघितलं.

पुढचे काही दिवस घरात नुसती भांडणं. बाहेर जाऊन तरी कुठे भांडणार? दोन खोल्या, एकीत रात्रपाळी करून झोपलेला नवरा, दुसरीत आम्ही दोघी, दबक्या आवाजात.

"बिब्ब्यानं बरं होत नाही, आत्या."

"मग तिथं रोज काय करतीस?"

"शोधतेय. होऊ शकतं का ते बघतेय."

"सदाफुलीचं तूच सांगितलं व्हतंस. दारातल्या सदाफुलीपासून रक्ताच्या क्यान्सरचं औषीद करत्यात म्हनून. करत्यात ना?"

"करतात. पण फूल चावून नाही होत. त्यातला एक कण वेगळा काढावा लागतो, मापात द्यावा लागतो, त्याला कितीतरी वर्षं लागली."

"मग बिब्ब्यातला कन बी त्यातच आसंल ना? का उडून जातो?"

बिब्ब्यात काही नाही म्हणावं, तर ते खोटं. काहीतरी आहे, म्हणून तर माझी एवढी वर्षं त्यात गेली. काहीतरी आहे म्हणावं, तर ती खपली कुरवाळत गावी जाणार. माझं खरं बोलणं तिला मारणार होतं. आणि खोटं बोलायचं तर ती विचारणारच, तुझं तुलाच खोटं वाटत आसंल तर पगार कशाचा घेतीस? एका सकाळी तिने पिशवी भरली. मेंढरं चुलतभावाच्या पोरांवर टाकून आली होती, तिला घाई होती.

"एसटीवर सोडते," मी म्हटलं, "पण आधी माझी लॅब बघ."

रविवार होता, इमारतीत वॉचमनशिवाय कुणी नव्हतं. आत्याला चपला काढायला लावल्या, पदर बांधून घ्यायला लावला. दुसरं दार मागे बंद झाल्यावर ती जागच्या जागी थांबली आणि तिने सगळीकडे खिडकी शोधली. "हितं बसतीस व्हय दिवसभर?" म्हणाली. "मेंढरू बी ऱ्हायचं नाय हितं."

मी तिला स्टुलावर बसवलं आणि मायक्रोस्कोप लावून दिला. एक डोळा मिटता येईना म्हणून तिने त्यावर तळहात दाबून धरला. आधी कॅन्सरच्या जिवंत पेशी दाखवल्या, लांबट, एकमेकींना चिकटलेल्या. मग बिब्ब्याचा अर्क घातलेल्या. त्या गोल होऊन तरंगत होत्या.

"हे मेलेत?"

"मेलेत."

"बघ! बघ!" ती जवळजवळ ओरडलीच.

"थांब." मी तिसरी प्लेट लावली. "या चांगल्या कातडीच्या पेशी. यांना काही झालं नव्हतं. यांच्यावर पण तेच घातलं. बघ."

तिने बघितलं. त्याही गोल होऊन तरंगत होत्या. मला वाटलं, झालं, आता कळलं. तर म्हणाली, "चांगलं परत येतंय की. वाळलेलं गवत जाळलं की कवळं येतंय का नाय?"

मी फरशीवर बसले. एवढ्या सेमिनारांत असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आणि मला रडू यायला लागलं, त्याची मला आणखी चीड आली, कारण हातमोज्यांनी डोळे पुसता येत नाहीत, पापण्या सुजतात.

आत्याने मला रडू दिलं. ती मायक्रोस्कोपपाशीच बसली होती. थोड्या वेळाने तिने पहिली प्लेट मागितली, जिवंत पेशींची.

"हे कुनाचं हाय?"

"कुणाचं म्हणजे?"

"कुनाच्या तरी अंगातलं असंल ना. का हितंच उगवलं?"

"एका माणसाचं. खूप वर्षांपूर्वीचं. कापून काढलेलं."

"त्यानं दिलं कापून?"

"दिलं असेल. म्हणून तर काम चालतं."

ती काहीतरी जुळवत होती. मला ते दिसत होतं आणि मी तिला थांबवलं नाही.

"म्हंजी कापून दिलं तर तू हितं घालनार, वाढवनार, अन् त्याच्यावर बिब्बा करून बघनार. मंग माझ्यावर नको, त्याच्यावर कळंल."

"हो."

"मग माझं घे."

पेशंटचा तुकडा लॅबमध्ये असा आणता येत नाही. समितीची परवानगी लागते, संमतीपत्र लागतं, आमच्या कामात ते बसतही नाही. तिचा तुकडा दवाखान्यातून तपासणीला जाणार होता आणि तिथेच संपणार होता. हे सगळं तिला सांगायला मला दोन मिनिटं लागली असती.

"घेते," मी म्हटलं.

तपासणीत कॅन्सरच निघाला, मग ऑपरेशन झालं. मांडीचं कातडं काढून कमरेला लावलं. डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या की वरून खपली धरली होती, आणि खाली ते आत आत गेलं होतं, सांध्यातल्या दोन गाठीही काढाव्या लागल्या. खपली नसती तर तिने कदाचित आधी दाखवलं असतं, असंही म्हणाल्या. आता शेक द्यावे लागतील. रेडिएशनला सगळे शेकच म्हणतात, आणि आत्यालाही तो शब्द पटला.

तिला कापण्याचं दुःख झालं नाही. दुःख झालं ते गाऊनचं. जखम भरेपर्यंत कमरेला काही बांधायचं नव्हतं, म्हणून मी तिला दोन गाऊन आणले, निळा आणि फुलाफुलांचा. तिने आयुष्यात पहिल्यांदा कमरेवर मोकळं कापड घातलं आणि ती खोलीबाहेर यायची बंद झाली. शेजारीण भेटायला आली तर पांघरूण गळ्यापर्यंत. नवरा घरी असला की भिंतीकडे तोंड. खिडकीपाशी उजेडात बस म्हटलं, तर रस्त्यावरनं कुनी बघंल. तिच्या रानात ती मैलोन्‌मैल चालायची, आणि माझ्याकडे ती खाट ते मोरी, मोरी ते खाट. एकदा तिने विचारलं, हर्सूलच्या जेलातल्या बायांला काय घालायला देतात. साडी देत असतील, मी म्हटलं. "मग त्या बऱ्या," म्हणाली. मला हसू आलं. मीही तिच्याबरोबर अडकले होते. सकाळी तिला शेकाला न्यायचं, तिथून लॅब, लॅबमधून परत तिच्याकडे. बंद खोलीतून बंद खोलीत.

रोज संध्याकाळी प्रश्न ठरलेला होता. "माझं कसं हाय तिथलं?"

"वाढतंय."

"बिब्बा घातला?"

"अजून लहान आहे. जरा वाढू दे."

शेक अर्ध्यावर आले आणि तिची कमर काळी पडून सोलायला लागली. एका सकाळी ती खाटेवरून उतरलीच नाही. "बास झालं," म्हणाली. "बिब्बा बी भाजत व्हता, हे बी भाजतंय. मग फरक काय? तिथलं मेलं आसंल तर हितलं बी मेलं. मेलं का नाय ते सांग."

इथे माझी पुरती कोंडी झाली. मेलं म्हणाले असते, तर ती शेक सोडून गावी गेली असती आणि तिच्या घरातले बिब्बे पुन्हा बाहेर निघाले असते.

"मेलं नाही."

"बिब्बा घालून बी?"

"घालून पण."

तिने माझ्याकडे बघितलं. कुठलं मेंढरू आजारी आहे आणि कुठलं नुसतं ढोंग करतंय, हे बघताना ती तशी बघते. "दाव," म्हणाली.

मी त्या दिवशी तिच्याआधी लॅबमध्ये गेले. रोजच्या कॅन्सरच्या पेशींची एक बाटली घेतली, चांगली भरलेली, आणि तिच्यावर मार्करने मराठीत 'आत्या' लिहिलं. बाकी सगळ्या बाटल्यांवर इंग्रजी अक्षरं आणि आकडे असतात. दुपारी तिला आणलं. फुलाफुलांचा गाऊन, त्यावरून माझी शाल, वॉचमनकडे तिने बघितलंही नाही. आत्या पाटीवरची अक्षरं लावून लावून वाचते. तिने बाटलीवरची वाचली, बोट फिरवलं, मग एक डोळा तळहाताने दाबून मायक्रोस्कोपला लागली.

"लई दाट झालंय."

"हो."

"आन बिब्बा घालून बी जितंय."

"हो."

"चिवट हाय," ती म्हणाली. तिच्या आवाजात थोडा अभिमान होता, तो मला अजून ऐकू येतो. "माझंच हाय."

मग ती स्टुलावरून उतरली, शाल नीट केली आणि म्हणाली, "चल शेकाला. उशीर व्हईल." दारापाशी थांबून मागे वळली. "बिब्बा घालू नको आता त्याला. खायला घाल अन् कोंडून ठेव. तिथं कोंडलेलं आसलं म्हंजी हिकडं यायचं नाय."

शेक पूर्ण झाले. आत्या गावी गेली. लुगडं नेसते, पण गाठ आता डाव्या बाजूला आणि वर, सैल. मेंढरांमागे जाताना ती एक हात कमरेशी धरून चालते, असं चुलतभाऊ सांगतो. ठरलेल्या तपासण्यांना न चुकता येते. आतापर्यंतच्या सगळ्या चांगल्या निघाल्या. डॉक्टरीणबाई म्हणतात की अजून काही वर्षं लक्ष ठेवावं लागेल, आताच काही सांगता येत नाही. मी खोटं बोलले त्याचं मला वाईट वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

फक्त ती बाटली राहिली आहे.

माझं त्या पेशींवरचं काम संपलं. अर्कातला एक भाग वेगळा करता आला, जो कमी मापात कॅन्सरच्या पेशींना मारतो आणि चांगल्यांना बऱ्यापैकी सोडतो, प्लेटमध्ये. हे आता मी कुणालाच सांगत नाही. बाकीच्या बाटल्या टाकून दिल्या. ही टाकायला घेतली तर हात पुढे जाईना. ही आत्याची नाही. कुठल्या तरी लांबच्या, कधीच मेलेल्या माणसाची आहे, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तरी मी ती परत आत ठेवली. बाटली भरली की त्यातल्या थोड्या पेशी नव्या बाटलीत काढायच्या, जुनी टाकायची, आणि नवीवर पुन्हा 'आत्या' लिहायचं. हे कितीदा केलं ते मी मोजत नाही. सुट्टी घेत नाही. नवऱ्याला त्याच्या मित्रांबरोबर कोकणात जायचं होतं, त्याला एकट्याला जा म्हटलं. परवा मॅडमनी इनक्युबेटर उघडला आणि विचारलं, ही कशाची? ठेवायची आहे, मी म्हटलं. कंट्रोल आहे का, तुलनेसाठी, त्यांनी विचारलं. हो म्हणाले.

मला माझाच राग येतो. मी पोरांना शिकवते की दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी होत नाही. आणि रात्री अंथरुणावर पडलं की वाटतं, टाकली, आणि पुढच्या तपासणीत काही निघालं तर?

काल फोन आला. मागे मेंढरांचा आवाज होता, म्हणजे ती चालत होती.

"माझं कसं हाय?"

"बरं आहे, आत्या."

"खातंय ना?"

"खातंय."

"अन् दार लावलंयस ना नीट?"

"लावलंय," मी म्हटलं. फोन ठेवला, चपला घातल्या आणि लॅबला निघाले. पाणी बदलायचा दिवस होता.